साडेपाच फुटांची फळी

महिपतराव सावर्डेकरांच्या आयुष्यात बॉक्सिंग आलं ते जावयाच्या घरातून, आणि तेही श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर.

जावई प्रीतम माजिवड्याला एका टॉवरच्या अगदी वरच्या मजल्यांपैकी एकावर राहतो. जेवण झालं, हात धुतले, की जावयाचं घर एकदा फिरून बघायचं आणि प्रत्येक खोलीत उभं राहून ‘हवा छान येते हो’ असं म्हणायचं, हा सासऱ्यांचा ठरलेला रिवाज. महिपतराव तो इमानाने पाळत बडीशेप चघळत चालले होते. शेवटच्या खोलीत मात्र त्यांना भिंतीतून बाहेर आलेली एक गोल लाकडी फळी दिसली. फळीच्या पोटाला एक कातडी पिशवी लोंबत होती, साधारण आखूड दुध्याएवढी.

‘‘ही स्पीड बॅग, बाबा. मारून बघा,’’ प्रीतम म्हणाला.

महिपतरावांनी मारलं. पिशवी मागे गेली, फळीवर आपटली, पुढे येऊन पुन्हा आपटली, आणि टक-टक-टक असा आवाज झाला. महिपतरावांच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. पतपेढीत शाखाधिकारी म्हणून आयुष्य काढताना ज्यांना ज्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली आणि ज्यांना आपण ‘बघतो, कळवतो’ एवढंच म्हणालो, ती सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरून रांगेने सरकली. त्यांनी दुसरा ठोसा मारला. तो आणखी बरा बसला. तिसऱ्यासाठी त्यांनी बाही वर सारली.

आणि नेमका तेव्हाच जावयाने घात केला. ‘‘थांबा बाबा, तुम्हाला उंच होतंय,’’ असं म्हणून त्याने भिंतीवरचं एक हँडल धरलं आणि गरगर फिरवायला सुरुवात केली. फळी खाली येऊ लागली. महिपतरावांना वाटलं, आता थांबेल. पण प्रीतम गुणी मुलगा, हातातलं काम अर्धवट टाकणाऱ्यांतला नव्हे. फळी येतच राहिली. दारात मंदाकिनीबाई आणि लेक संचिता उभ्या होत्या.

‘‘अजून थोडी घे रे,’’ संचिता म्हणाली.

महिपतरावांनी बाही खाली केली. खांदा दुखतोय म्हणाले, आणि त्या खोलीत हवा छान येते हे सांगायचं राहूनच गेलं.

आता इथे महिपतरावांचं एक दुखणं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महिपतराव सव्वापाच फूट उंच आहेत. यात वाईट काही नाही, सव्वापाच फुटांत चांगली चांगली माणसं मावली आहेत. पण मंदाकिनीबाईंच्या वडिलांची अट होती, की जावई साडेपाच फुटांच्या खाली चालणार नाही. महिपतरावांच्या गोदूआत्याने हे स्थळ आणलेलं. आत्या अशा बारीकसारीक गोष्टींवर स्थळ सोडणारी नव्हती. ‘मुलगा पुरता साडेपाच आहे,’ असं तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि त्या दिवसापासून महिपतराव साडेपाच फूट झाले. तेवढं होऊन राहणं सोपं नव्हतं. चपला जाड तळाच्या. फोटोत नेहमी एक पायरी वर. दवाखान्यात उंची मोजायची पट्टी दिसली की बायकोला आधी औषधाच्या दुकानात पाठवायचं. मंदाकिनीबाई कधी काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना संशय नाही, असा महिपतरावांचा हिशेब होता. संसारात एवढी एकच गोष्ट त्यांनी बायकोपासून लपवली होती, आणि ती जावयाने हँडल फिरवून जवळजवळ उघडी पाडली होती.

घरी, कल्याणला परतताना रिक्षात त्यांनी जाहीर केलं, ‘‘मी पण लावणार.’’

‘‘काय?’’ मंदाकिनीबाईंनी विचारलं.

‘‘स्पीड बॅग. डॉक्टरांनी खांदे हलवायला सांगितलेत ना? मग हलवतो.’’

‘‘डॉक्टरांनी टॉवेल धरून हलवायला सांगितलेत.’’

‘‘टॉवेलात मन रमत नाही,’’ महिपतराव म्हणाले, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांनी अभ्यासात घालवले. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, त्यात मानेला टॉवेल लावलेली घामट माणसं फळी कशी निवडावी ते सांगत होती. फळी जाड आणि जड हवी, नाहीतर ती थरथरते आणि पिशवी नीट परतत नाही. भिंत पक्की हवी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पिशवीचा फुगीर भाग मारणाऱ्याच्या तोंडासमोर यायला हवा, वर नाही आणि खाली नाही. हे शेवटचं वाक्य महिपतरावांनी तीनदा ऐकलं आणि व्हिडिओ बंद केला. म्हणजे भिंतीवर ही फळी ठोकली, की घराच्या मालकाचं तोंड जमिनीपासून किती उंचीवर आहे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला कायमचं कळणार.

स्टेशनजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने त्यांना हँडलवाली फळी दाखवली. ‘‘हीच घ्या काका. वरखाली होते. पूर्ण फॅमिली वापरेल.’’

‘‘ज्याला स्वतःची उंची माहीत नाही त्याने फिरवत बसावं,’’ महिपतराव म्हणाले. ‘‘मला पक्की बसणारी पाहिजे.’’

दुकानदाराने असा ग्राहक पाहिला नसावा. पक्की फळी त्याच्याकडे नव्हती, मागवावी लागेल म्हणाला, पिशवी आणि ती अडकवायची फिरकी मात्र त्याने लगेच बांधून दिली. ती पिशवी घेऊन महिपतराव सोसायटीच्या फाटकातून आत शिरले आणि तिथेच या प्रकरणाची मालकी त्यांच्या हातून गेली.

फाटकाजवळच्या बाकावर सोसायटीचे चेअरमन गणूशेठ बसले होते. ही बिल्डिंग उभी आहे ती गणूशेठच्या वडिलांच्या भातखाचरावर. कागदावर ते पाच वर्षांसाठी निवडून आलेले चेअरमन आहेत, पण बोलण्यात अजून शेतमालक. इमारतीतल्या कुठल्याही भिंतीला खिळा ठोकला की तो त्यांना स्वतःच्या बांधावर ठोकल्यासारखा वाटतो.

‘‘भाव, ह्ये काय आनलाव?’’ त्यांनी विचारलं.

महिपतरावांनी पिशवी दाखवली, फुगवून कशी टांगायची ते सांगितलं, ठोसा कसा मारायचा तेही हवेत मारून दाखवलं.

गणूशेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘खांद्यासाठी यवरा खटाटोप? आमच्या बापासंगं मिठागरावर एक दिस फावरा मारला असताव, तर दोनी खांदं जल्माचं सुटलं असतं.’’

‘‘आता मिठागरं कुठे राहिली शेठ?’’

‘‘त्येच तं सांगतो ना. आता तुमाला पिशवी मारायला लागते.’’ मग त्यांना चेअरमनपद आठवलं. ‘‘पन भितीला लावायचं तं परमिशन पायजे.’’

परमिशनसाठी कमिटी बसली. सोसायटीच्या नियमांत भिंतीला काय काय लावता येतं याची तरतूद आहे: एसी, डिश, कुंड्या, झोपाळा. स्पीड बॅग यांपैकी कशात बसते, यावर दीड तास चर्चा झाली. हलते म्हणून ती कुंडी नव्हे. गार करत नाही म्हणून एसी नव्हे. मग कोणीतरी म्हणालं, टांगलेली आहे आणि पुढेमागे होते, म्हणजे झोपाळाच की. सगळ्यांना ते पटलं. फक्त झोपाळ्याला लागू असलेल्या अटी हिलाही लागू राहतील असं ठरलं, त्यामुळे दुपारी दोन ते चार वापर बंद आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त माणसांनी बसायचं नाही. महिपतरावांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

फळी करायचं काम त्यांनी विठ्ठलवाडीच्या गोविंदाला दिलं. गोविंदा देव्हारे बनवतो. पंचक्रोशीतल्या निम्म्या देवांची राहायची सोय त्याने केली आहे, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान आहे. महिपतरावांनी चित्र काढून दाखवलं: गोल फळी, खाली दोन आधार, मधोमध फिरकी.

गोविंदाने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. ‘‘देव कुठे बसणार?’’

‘‘देव नाही. खाली पिशवी लटकणार. तिला मारायचं.’’

‘‘रोज?’’

‘‘सकाळ-संध्याकाळ.’’

‘‘म्हणजे घंटेसारखं,’’ गोविंदा म्हणाला. त्याचं समाधान झालेलं दिसलं, आणि महिपतरावांनी ते बिघडवायला नको म्हणून होकार दिला. हा होकार महागात पडला. आठवड्याने गोविंदा फळी घेऊन आला तेव्हा ती सागवानी होती, जाड होती, दोन माणसांना उचलावी लागत होती, इथवर सगळं ठीक. पण तिच्या कडेने कमळाच्या पाकळ्या कोरल्या होत्या आणि दोन्ही आधारांवर एकेक मोर बसवला होता.

‘‘मोर कशाला?’’ महिपतरावांनी विचारलं.

‘‘साधी कशी देऊ साहेब? आमचं नाव जाईल ना.’’

मोरांना निघायला सांगणं शक्य नव्हतं, ते एकाच लाकडातून कोरलेले होते. महिपतरावांनी मनातल्या मनात व्हिडिओतल्या घामट माणसांची क्षमा मागितली आणि गोविंदाला भिंत दाखवली.

पहिली भिंत बेडरूमची. आत दार लावून निवांत सराव करता येईल, असा महिपतरावांचा बेत होता. गोविंदाने बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली, मान डोलावली आणि ड्रिल लावलं. ड्रिल लोण्यात जावं तसं गेलं, आणि मग एकदम सैल पडलं. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले.

दारावरची बेल वाजली. शेजारच्या विमलाबाई लिमये आल्या होत्या. विमलाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या असल्या, तरी त्या दारात उभ्या राहिल्या की आतला माणूस नकळत हात मागे बांधतो.

‘‘महिपतराव, आपलं काहीतरी आमच्याकडे आलं आहे,’’ त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातात भिंतीवरचं कॅलेंडर होतं. ड्रिल भिंत ओलांडून बरोबर या महिन्याच्या संकष्टीतून बाहेर पडलं होतं. तिथे छापलेली चंद्रोदयाची वेळ त्या भोकात गेली होती, आणि विमलाबाईंचा उपास चंद्रोदयाशिवाय सुटत नाही.

‘‘मी वेळ बघून सांगतो,’’ महिपतराव म्हणाले.

‘‘पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं, महिपतराव. मागच्या बाजूला पुढच्या महिन्याची संकष्टी होती. तीही सांगावी लागेल.’’

महिपतरावांनी दोन्ही चंद्रोदय स्वतःच्या अंगावर घेतले. भोक बुजवलं. मग गोविंदाने घरातल्या सगळ्या भिंती वाजवल्या आणि निकाल दिला, की या घरात खरी भिंत एकच आहे, हॉलची बाहेरची. बाकीचे पडदे आहेत. ही एकमेव खरी भिंत नेमकी दाराच्या समोर होती. त्या मजल्यावर संध्याकाळी सगळ्यांची दारं वाऱ्यासाठी उघडी असतात, नुसत्या जाळ्या लावलेल्या. म्हणजे आता जिन्यावरून जाणारा कोणीही महिपतरावांचा व्यायाम बघू शकणार होता. निवांतपणा गेला तर गेला, महिपतराव म्हणाले, आपण काय चोरी करतोय?

‘‘उंची किती घेऊ?’’ गोविंदाने विचारलं.

एव्हाना ड्रिलच्या आवाजाने माणसं जमली होती. विमलाबाई होत्याच. गणूशेठ झोपाळ्याची पाहणी करायला वर आले होते. मंदाकिनीबाई चहाचा ट्रे घेऊन बरोबर त्या क्षणी हॉलमध्ये आल्या.

महिपतराव म्हणाले, ‘‘पिशवीचा फुगा माझ्या तोंडासमोर यायला पाहिजे.’’

‘‘मग असे इथे भिंतीला टेकून उभे राहा, टेप लावतो,’’ गोविंदा टेप काढत म्हणाला.

भिंतीला टेकून, अनवाणी, बायकोच्या देखत. माणूस आयुष्यात काही वाक्यं अशी बोलतो, की ती बोलतानाच त्याला कळत असतं हे आपल्याला निस्तरावं लागणार आहे.

‘‘टेप कशाला? माझी उंची मला माहीत नाही का? साडेपाच फूट. त्या हिशेबाने घे,’’ महिपतराव म्हणाले.

गोविंदाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गणूशेठनी पाहिलं. विमलाबाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. मंदाकिनीबाई तेवढ्या कपांत चहा ओतत राहिल्या.

‘‘नक्की ना साहेब? हे बोल्ट एकदा बसले की परत निघत नाहीत,’’ गोविंदा म्हणाला.

‘‘नक्की.’’

बोल्ट बसले. गोविंदाने फळीला लोंबकळून दाखवलं, गणूशेठनीही लोंबकळून खात्री केली. मोर जागचे हलले नाहीत. चहा पिऊन सगळे गेले आणि महिपतराव पिशवीसमोर उभे राहिले. पिशवीचा फुगा त्यांच्या बरोबर डोळ्यांसमोर होता.

त्या संध्याकाळी त्यांनी मारलेला पहिला ठोसा पिशवीच्या बुडाला लागला. पिशवी वर उडाली, फळीवर आपटली आणि कपाळावर परत आली. दुसऱ्या ठोशाला चष्मा कोचाखाली गेला. तिसरा त्यांनी मारला नाही.

पुढचे काही दिवस घरात विचित्र गेले. महिपतराव जाड तळाचे बूट घालून हॉलमध्ये वावरू लागले. मंदाकिनीबाईंनी विचारलं तेव्हा बॉक्सिंगला बूट लागतात म्हणाले. पण बुटांनी पुरेसं भागत नव्हतं. टाचा उंचावून मारलं तर पोटऱ्यांत गोळे येत. उडी मारून मारलं तर खालच्या मजल्यावरून निरोप येई. जिन्यावरून जाणारे जाळीपाशी थांबून ‘काय, चाललंय का?’ विचारत, आणि महिपतराव फडक्याने मोर पुसत असल्याचं दाखवत. गणूशेठनी तर एकदा बराच वेळ थांबून विचारलं, ‘‘भाव, तुमी त्याला मारता का तो तुमाला?’’ महिपतराव दुसरा मोर पुसायला लागले.

गोविंदाला बोलावून फळी खाली घ्यायची म्हणजे, बोल्ट निघाले तरी, सगळ्यांसमोर सव्वापाच फुटांवर यायचं. ते शक्य नव्हतं. फळी तशीच ठेवायची म्हणजे बॉक्सिंग सोडायचं, आणि खरं सांगायचं तर तेही आता शक्य नव्हतं. माजिवड्याला ऐकलेला तो टक-टक-टक त्यांच्या कानातून जात नव्हता.

मार्ग सापडला तो स्वयंपाकघरात, फळीवरचा डबा शोधताना. फ्रीजमागच्या फटीत पाट ठेवलेले होते. जेवायला आता कोणी पाटावर बसत नाही, पण सणासुदीला, मुंजीला लागतात म्हणून ते प्रत्येक घरात कुठेतरी उभे असतात. महिपतरावांनी एक पाट काढला, पिशवीसमोर ठेवला आणि वर उभे राहिले. पिशवीचा फुगा नाकासमोर आला. त्यांनी दुसरा पाट काढून पहिल्यावर ठेवला आणि जपून वर चढले.

फुगा तोंडासमोर. ना वर, ना खाली.

मंदाकिनीबाई संध्याकाळी भजनी मंडळाला जात. त्या गेल्या की महिपतराव जाळीला आतून चादर लावत, पाटावर पाट ठेवत आणि उभे राहत. पाटावर पाट ठेवला की तो किंचित डुगडुगतो. पाय कसे ठेवायचे, अंग कुठून हलवायचं आणि कुठून हलवायचं नाही, याचं एक तंत्र आहे. महिपतरावांना ते आश्चर्य वाटावं इतक्या लवकर जमलं, जणू अंगाला त्याची जुनी ओळख असावी. हळूहळू पिशवी ऐकू लागली. उजवा, उजवा, डावा, डावा. टक-टक-टक, टक-टक-टक. खांदा दुखायचा थांबला. एकदा विमलाबाई संकष्टीचा चंद्रोदय विचारायला आल्या, चादरीपलीकडूनच वेळ ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘लय चांगली साधली आहे, महिपतराव. पण तिसऱ्या मात्रेला घाई होते.’’ महिपतरावांनी तिसऱ्या मात्रेची घाई कमी केली. मंदाकिनीबाई परत यायच्या आत पाट फ्रीजमागे जात आणि चादर पलंगावर. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की प्रीतमचा फोन उचलताना त्यांना धोका कळलाच नाही.

‘‘बाबा, रविवारी येतोय आम्ही. तुमची बॅग बघायची आहे. आई सांगत होत्या, जोरात प्रॅक्टिस चालू आहे.’’

मंदाकिनीबाईंना प्रॅक्टिसचं काय माहीत, हा प्रश्न महिपतरावांना पडायला हवा होता. पण जावयासमोर पाट कसे काढायचे, याच चिंतेत ते पडले.

रविवारी प्रीतम आणि संचिता आले. फळी बघून प्रीतम खरंच खूश झाला. ‘‘काय सॉलिड काम आहे, बाबा. हे मोर तर एक नंबर.’’ त्याने वाकून दोन-चार ठोसे मारले. जावई उंच, त्याला फळी ठेंगणी होत होती. टक-टक ऐकून विमलाबाई दारात आल्या. गणूशेठना संचिताने जिन्यातूनच बोलावून आणलं होतं, आणि ते चेअरमन असल्यामुळे त्यांना खुर्ची देण्यात आली.

‘‘आता तुम्ही, बाबा,’’ प्रीतम बाजूला सरकला.

‘‘आज खांदा जरा...’’

‘‘कालपर्यंत तर बरा होता, रोज ऐकू येत होतं,’’ विमलाबाई म्हणाल्या.

महिपतरावांना पळायला जागा नव्हती. ते अनवाणी पिशवीसमोर उभे राहिले. फुगा डोळ्यांसमोर. प्रीतमच्या कपाळावर एक बारीक आठी आली, तो फळीकडे बघत होता, मग सासऱ्यांकडे, मग पुन्हा फळीकडे. पोरगा मनात माप घेतोय हे महिपतरावांना स्पष्ट दिसलं. आता तो तोंड उघडणार, आता तो म्हणणार ‘तुम्हाला उंच होतंय’, आणि या वेळी फिरवायला हँडलही नाही. महिपतरावांनी घाईघाईने ठोसा मारला. पिशवी वर उडाली, फळीवर आपटली आणि कपाळावर परत आली. चष्मा कोचाखाली गेला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. महिपतराव चष्म्याशिवाय धूसर दिसणाऱ्या त्या माणसांसमोर उभे होते, आणि त्यांना इतकं लहान आजवर कधीच वाटलं नव्हतं.

‘‘बाबा, मला वाटतं ही...’’ प्रीतमने सुरुवात केली.

‘‘थांब रे प्रीतम,’’ स्वयंपाकघरातून आवाज आला.

मंदाकिनीबाई बाहेर आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक पाट होता. त्यांनी एक पाट पिशवीसमोर ठेवला, दुसरा त्यावर नेमका बसवला, पदराने वरची धूळ पुसली आणि कोचाखालून चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला.

‘‘किती वेळा सांगायचं तुम्हाला, फरशीवर उभं राहून करायचं नाही म्हणून?’’ त्या म्हणाल्या. मग जमलेल्यांकडे वळल्या. ‘‘फरशीचा गारवा गुडघ्यात शिरतो ना. डॉक्टरांनीच सांगितलंय, लाकडावर उभं राहायचं. म्हणून मुद्दाम फळी तेवढी वर घेतली. पाटांची उंची धरून.’’

‘‘हां,’’ प्रीतमच्या कपाळावरची आठी गेली. ‘‘तरीच मी म्हटलं.’’

‘‘बराबर हाय. आमच्या गुरघ्यांना पन ह्योच तरास,’’ गणूशेठ म्हणाले आणि त्यांनी लगेच खुर्चीखालचे पाय उचलून घेतले.

महिपतराव पाटांवर चढले. चष्मा नाकावर नीट बसवला. मग उजवा, उजवा, डावा, डावा, आणि मोरांखाली तो आवाज सुरू झाला, टक-टक-टक, टक-टक-टक, तिसऱ्या मात्रेला जराही घाई न करता. विमलाबाईंनी मान डोलावली. संचिताने मोबाइलवर व्हिडिओ काढला. प्रीतम म्हणाला, बॅलन्स जबरदस्त आहे तुमचा, आणि त्याने ते मनापासून म्हटलं.

सगळे गेले. मंदाकिनीबाई कपबशा गोळा करत होत्या. महिपतराव पाटांच्या कडेवर बसले होते.

‘‘डॉक्टर असं कधी म्हणाले?’’ त्यांनी विचारलं.

‘‘म्हणतील. विचारू पुढच्या वेळी.’’

महिपतरावांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ‘‘मंदा, मी साडेपाच फूट नाहीये.’’

‘‘माहितेय.’’

‘‘चादर लावायचो ते कळलं का?’’

‘‘चादर कशाला? लग्नातच कळलं.’’ मंदाकिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला. ‘‘मध्ये अंतरपाट धरलेला. नवरी म्हणून मी मान खाली घालून उभी. अंतरपाटाखालून काय दिसतं? पाय दिसतात. माझ्या पायांखाली एक पाट होता, आणि तुमच्या पायांखाली दोन.’’

महिपतरावांना गोदूआत्या आठवली. बोहल्यावर चढताना तिनेच दुसरा पाट सरकवला होता, आणि ‘हलू नकोस मेल्या’ असं कानात सांगितलं होतं.

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘मंगलाष्टकं चालू होती.’’

‘‘नंतर तरी?’’

‘‘नंतर काय बोलायचं? हार तर घातला होता.’’

‘‘तो तरी का घातलास? बाबांची अट होती तुझ्या. तू सांगितलं असतंस तर तिथेच मोडलं असतं.’’

मंदाकिनीबाईंनी ट्रेमधले कप एकात एक बसवले. ‘‘आमच्या मामाने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला घेतली होती, आठवतं का? संपता संपेनात. भटजीसुद्धा कंटाळले. आणि मी आपली खाली बघतेय. दोन पाट, एकावर एक, डुगडुगणारे. म्हटलं आता हा माणूस हलेल, आता पडेल. पण तुमचे पाय शेवटपर्यंत हलले नाहीत. घामाने पाट ओला झाला, पण तुम्ही हलला नाहीत.’’ त्यांनी ट्रे पुन्हा उचलला. ‘‘म्हटलं, माझ्यासाठी एवढा वेळ असा उभा राहतोय, तर उंची पुरेशी आहे.’’

महिपतराव उठले आणि दोन्ही पाट उचलून त्यांनी काखेत घेतले.

‘‘उद्या गोविंदाला बोलावतो. तीन इंच खाली घ्यायला सांगतो,’’ ते म्हणाले.

‘‘ते बोल्ट निघत नाहीत,’’ मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या. ‘‘राहू दे. फक्त पाट फ्रीजमागे टाकताना जरा हळू टाकत जा, टवके उडतात. आपल्या लग्नातले आहेत ते.’’